खडकवासल्याचे स्मारक

पुणे शहराच्या नैऋत्येस सुमारे १७ किलोमीटर अंतरावर खडकवासल्याचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. मुठा नदीवर १८७९ साली बांधून पुऱ्या झालेल्या धरणामुळे हे तळे निर्माण झाले. तळ्याच्या दक्षिणेकडे मान वर करून पाहिले, की तानाजी मालुसऱ्यांच्या पराक्रमाने पावन झालेला सिंहगड दिसतो. उत्तरेकडच्या डोंगरउतारावर दाट झाडीत लपलेल्या इमारतींची एक वसाहत आहे. तिच्या मधोमध तांबूस दगडाचा एक भव्य घुमट उठून दिसतो. सुमारे ७,००० एकरांचा हा परिसर म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी होय. भारताच्या भूदलाचे, नौदलाचे आणि वायुदलाचे भावी अधिकारी येथे एकत्र शिक्षण घेतात.

त्या घुमटाच्या मुख्य इमारतीचे नाव मात्र ऐकणाऱ्याला कोड्यात टाकणारे आहे. ती ना कोणा भारतीय सेनानीच्या नावाने ओळखली जाते, ना जवळच्या एखाद्या गडाच्या नावाने. तिला 'सुदान ब्लॉक' असे म्हणतात. सुदान हा देश आफ्रिका खंडात, समुद्रापलीकडे, हजारो किलोमीटर दूर आहे. त्या देशाचे नाव सिंहगडाच्या पायथ्याशी कसे आले? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले, की या विद्यालयाच्या जन्माची सारी हकीकत उलगडते.

इजिप्त देशाच्या दक्षिणेस नाईल नदीच्या खोऱ्यात सुदान वसलेला आहे. निळी नाईल आणि पांढरी नाईल या दोन नद्यांचा संगम जेथे होतो, तेथे त्याची राजधानी खार्टूम आहे. दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या वेळी सुदानवर इंग्रजांची सत्ता होती. इजिप्तचा त्या राज्यकारभारातील वाटा नावापुरताच होता. सुदानच्या पूर्वेकडील एरिट्रिया आणि इथिओपिया हे मुलूख इटलीच्या ताब्यात होते. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि जुलै महिन्यात तिच्या फौजांनी सीमा ओलांडून कसाला व गल्लाबात ही सुदानी ठाणी घेतली. सुदानचे स्वतःचे सैन्य थोडे होते आणि शत्रूची संख्या फार मोठी होती. अशा वेळी भारतीय सैन्याचा पाचवा विभाग सुदानच्या मदतीस धाडण्यात आला. पुढे चौथा विभागही इजिप्तमधून येऊन त्याला मिळाला. गंगेकाठची, पंजाबातली, सह्याद्रीच्या मावळातली माणसे नाईलच्या प्रदेशात लढू लागली.

या लढाईत पुण्याशी नाते असलेल्या एका तरुण अधिकाऱ्याचे नाव पुढे आले. सेकंड लेफ्टनंट प्रेमेंद्रसिंग भगत हे 'बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स' या पथकातील होते. पूल बांधणे, रस्ते तयार करणे, शत्रूने पेरलेले सुरुंग काढणे ही या पथकाची कामे. पुण्याजवळील खडकी हे त्याचे मुख्य ठाणे. माघार घेताना इटालियन फौजांनी वाटेत जागोजागी सुरुंग पुरून ठेवले होते. ३१ जानेवारी १९४१ पासून चार दिवस भगत आपल्या तुकडीच्या अग्रभागी राहिले. सुमारे ८८ किलोमीटरच्या वाटेवर त्यांनी सुरुंग पेरलेली १५ ठिकाणे शोधून ती मोकळी केली. दोनदा त्यांची गाडी सुरुंगाने उडाली. तरीही त्यांनी काम सोडले नाही. त्या वेळी त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते. या धैर्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. दुसऱ्या महायुद्धात हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी ठरले.

सर्वांत घनघोर रणसंग्राम झाला तो एरिट्रियातील केरेन येथे. सह्याद्रीतला एखादा अवघड घाट डोळ्यांपुढे आणला, म्हणजे केरेनची कल्पना येईल. रस्ता आणि लोहमार्ग दोन्ही एका अरुंद खिंडीतून जात होते, आणि खिंडीच्या दोन्ही अंगांना उभे कडे होते. कड्यांच्या माथ्यावर शत्रू तोफा रोखून बसला होता. खालून चढणाऱ्या सैनिकांना पाणीसुद्धा पाठीवर वाहून न्यावे लागे. फेब्रुवारीच्या आरंभी सुरू झालेली ही झुंज २७ मार्च १९४१ रोजी संपली. तीत ब्रिटिश व भारतीय मिळून पाचशेहून अधिक सैनिक कामी आले आणि तीन हजारांहून अधिक जखमी झाले. मराठा पलटणींपैकी एका पलटणीनेही या डोंगरावर आपले रक्त सांडले. केरेन पडल्यावर इटलीचा पूर्व आफ्रिकेतील जोर ओसरला आणि सुदानवरचे संकट टळले.

या उपकाराची आठवण म्हणून सुदानच्या शासनाने भारताला एक लाख पौंडांची देणगी दिली. सुदानच्या रक्षणासाठी प्राण वेचलेल्या भारतीय सैनिकांचे एक स्मारक व्हावे, असा या देणगीचा हेतू होता.

स्मारक म्हटले म्हणजे सामान्यतः आपल्यापुढे एखादा स्तंभ, पुतळा किंवा कमान उभी राहते. पहिल्या महायुद्धात पडलेल्या भारतीय सैनिकांसाठी दिल्लीस अशीच एक भव्य कमान उभारण्यात आली. ती १९३१ साली पुरी झाली असून तिच्या दगडांवर हजारो सैनिकांची नावे कोरलेली आहेत. सुदानच्या देणगीचेही असेच एखादे शिल्प उभारता आले असते. पण विचार वेगळा ठरला. ज्यांनी देशासाठी प्राण दिले, त्यांची स्मृती दगडापेक्षा नव्या पिढीच्या शिक्षणात अधिक टिकेल, या कल्पनेतून सैनिकी शिक्षणाचे एक राष्ट्रीय विद्यालय हेच त्यांचे स्मारक करावे, ही योजना पुढे आली.

हे विद्यालय पूर्वीच्या विद्यालयांहून निराळे का असावे, हेही युद्धानेच शिकवले होते. महायुद्धापूर्वी निरनिराळ्या दलांचे अधिकारी निरनिराळ्या ठिकाणी तयार होत. भूदलाच्या अधिकाऱ्यांसाठी १९३२ सालापासून डेहराडून येथे भारतीय सैनिकी प्रबोधिनी होती. नौदलाच्या आणि वायुदलाच्या तरुणांच्या वाटा वेगळ्या. भूदलाच्या अधिकाऱ्याला जहाजाची रीत ठाऊक नसे आणि वैमानिकाला पायदळाच्या अडचणी कळत नसत. युद्धात मात्र तिन्ही दलांना एकमेकांवाचून पाऊल टाकता येईना.

एक उदाहरण घेतले, म्हणजे हे स्पष्ट होईल. शत्रूच्या ताब्यातील समुद्रकिनाऱ्यावर सैन्य उतरवायचे आहे, असे समजा. सैनिकांना तेथवर पोचवणार नौदल. उतरताना वरून शत्रूची विमाने येऊ नयेत, म्हणून आकाशात पहारा ठेवणार वायुदल. वाळूवर पाय ठेवून पुढे घुसणार भूदल. या तिघांपैकी एकाने जरी वेळ चुकवली, तरी शेकडो माणसे पाण्यातच प्राणाला मुकतील. ६ जून १९४४ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर असेच प्रचंड सैन्य उतरले. १९४५ च्या आरंभी ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावरही, लहान प्रमाणावर का होईना, अशाच चढाया झाल्या आणि त्यांत भारतीय पलटणी होत्या.

अशा चढाईची तालीम आधी कोठे तरी करावी लागते. ही तालीम ज्या ठिकाणी होत असे, त्यांपैकी एक ठिकाण खडकवासला हे होते. तळ्याच्या उत्तर काठावर एका जहाजाची प्रतिकृती उभारण्यात आली होती. तिचे नाव 'अंगोस्तुरा'. हे जहाज कधीच कोठे गेले नाही. कारण ते जाण्यासाठी बांधलेलेच नव्हते. जहाजातून किनाऱ्यावर कसे उतरावे, याचा सराव सैनिकांनी त्याच्या साहाय्याने करावा, एवढेच त्याचे काम. सह्याद्रीच्या कुशीतील शांत तळे अशा रीतीने काही काळ समुद्राचे सोंग घेऊन बसले होते. युद्ध संपले, सैनिक आपापल्या घरी गेले, आणि ती ओसाड प्रतिकृती काठावर तशीच राहिली.

युद्धाच्या अखेरीस भारतीय सैन्याचे सरसेनापती फील्ड मार्शल ऑकिनलेक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. समितीने जगातील नामांकित सैनिकी विद्यालयांचा अभ्यास केला आणि डिसेंबर १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथील विद्यालयाच्या धर्तीवर भारतात एक संस्था काढावी आणि तीत तिन्ही दलांच्या तरुणांना एकत्र शिक्षण द्यावे, अशी तिची शिफारस होती. सामान्य महाविद्यालयातील विषय आणि सैनिकी शिक्षण या दोहोंचा मेळ येथे घालायचा होता.

अहवाल आला आणि काही महिन्यांतच देशाचे चित्र पालटले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला; पण त्याच वेळी देशाची फाळणीही झाली. सैन्य विभागले गेले, तोफा आणि गाड्या वाटल्या गेल्या, कार्यालयांतील सामानाचीसुद्धा वाटणी झाली. सुदानच्या देणगीचेही दोन भाग झाले. केरेनच्या डोंगरावर ज्या सैनिकांनी एकत्र प्राण दिले होते, त्यांची गावे आता दोन देशांत होती. एक लाख पौंडांपैकी ७०,००० पौंड भारताकडे आणि ३०,००० पौंड पाकिस्तानकडे गेले.

त्या काळी एका पौंडाला सव्वातेरा रुपयांहून थोडे अधिक पडत. म्हणजे भारताच्या वाट्याला आलेली रक्कम नऊ लाख रुपयांच्या थोडी वर जाते. प्रबोधिनीच्या बांधकामाचा आरंभीचा अंदाज मात्र ६ कोटी ४५ लाख रुपयांचा होता. याचा अर्थ असा, की देणगीने एकूण खर्चाचा लहानसा अंश भागणार होता. बाकीचा भार नव्याने स्वतंत्र झालेल्या गरीब देशाला स्वतः उचलावा लागणार होता. देशात लक्षावधी निर्वासितांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता, धान्याची टंचाई होती. तरीही योजना सोडून देण्यात आली नाही. देशाचे रक्षण करणारे अधिकारी यापुढे आपल्याच भूमीवर, आपल्याच शिक्षकांच्या हाताखाली तयार व्हावेत, ही स्वातंत्र्याची गरजच होती.

खडकवासल्याच्या इमारती उभ्या राहीपर्यंत वाट पाहण्यास वेळ नव्हता. म्हणून १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडूनजवळ क्लेमेंट टाउन येथे तिन्ही दलांचा संयुक्त विभाग सुरू करण्यात आला. तेथील बराकी महायुद्धाच्या काळात इटालियन युद्धकैद्यांसाठी बांधलेल्या होत्या. आफ्रिकेच्या रणभूमीवर भारतीय सैनिक ज्या फौजांशी झुंजले, त्याच फौजांतील माणसांना ठेवण्यासाठी उभारलेल्या जागेत आता स्वतंत्र भारताचे पहिले छात्र धडे गिरवू लागले. कैदखान्याचे विद्यालय होण्यास फार वर्षे लागली नाहीत.

कायमच्या संस्थेसाठी अनेक ठिकाणांचा विचार झाला आणि अखेरीस खडकवासल्याची निवड झाली. या निवडीमागे कारणे होती. मुंबई राज्याच्या शासनाने विस्तीर्ण जमीन देऊ केली. नौकानयनाच्या शिक्षणाला तळे होते. भूदलाच्या सरावाला डोंगर आणि दऱ्या होत्या. वायुदलाचा लोहगाव येथील विमानतळ जवळ होता. अरबी समुद्र फार दूर नव्हता आणि पुण्याची हवा आरोग्यदायक होती. शिवाय युद्धकाळात संयुक्त शिक्षणाचे केंद्र येथे आधीच होऊन गेले होते. जेथे तीन दलांनी एकत्र लढण्याची तालीम केली होती, तेथेच तीन दलांनी एकत्र शिकावे, हे एका अर्थाने क्रमानेच आले.

६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते प्रबोधिनीची पायाभरणी झाली. त्यानंतर पाच वर्षे या परिसरात बांधकाम अखंड चालू होते. रस्ते, निवासगृहे, वर्ग, प्रयोगशाळा, भोजनगृह, संचलनाची मैदाने, पोहण्याचे तलाव यांतील एकेक गोष्ट आकारास येऊ लागली. मुख्य इमारतीसाठी काळा पत्थर आणि ग्रॅनाइट वापरण्यात आले, तर तिच्या घुमटासाठी राजस्थानातील जोधपूरचा तांबडा वालुकाश्म आणण्यात आला. दख्खनच्या काळ्या दगडावर मारवाडचा तांबडा घुमट चढला.

७ डिसेंबर १९५४ रोजी प्रबोधिनीचे काम सुरू झाले आणि १६ जानेवारी १९५५ रोजी तिचा उद्घाटनसमारंभ झाला. क्लेमेंट टाउनमधील छात्र आपल्या नव्या घरी आले. मेजर जनरल इनायत हबीबुल्ला हे खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे पहिले प्रमुख होत. 'सेवा परमो धर्मः' हे संस्थेचे ब्रीद आहे. सेवा हाच श्रेष्ठ धर्म, असा त्याचा अर्थ. शस्त्र चालवण्यास शिकवणाऱ्या विद्यालयाच्या ब्रीदात शस्त्राचा उल्लेख नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दरम्यान १ जानेवारी १९५६ रोजी सुदानही स्वतंत्र झाला. देणगी दिली गेली त्या वेळी देणारा आणि घेणारा हे दोन्ही देश परक्या सत्तेखाली होते. आता दोन्ही देशांचे ध्वज स्वतंत्रपणे फडकत होते. ३० मे १९५९ रोजी मुख्य इमारतीला 'सुदान ब्लॉक' हे नाव विधिपूर्वक देण्यात आले, तेव्हा त्या समारंभाला सुदानचे भारतातील राजदूत रहमतुल्ला अब्दुल्ला हे उपस्थित होते आणि त्यांच्याच हस्ते तो पार पडला. एका देशाचे आभार दुसऱ्या देशाच्या भूमीवर दगडात कायम झाले.

पुढील काळात या परिसराने संकटेही पाहिली. १२ जुलै १९६१ रोजी वरच्या अंगाचे पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि पुणे शहरात हाहाकार उडाला. ज्या तळ्यासाठी ही जागा निवडली होती, ते तळे एका दिवसात रिते झाले. धरण पुन्हा बांधून काढण्यात आले, पाणी पुन्हा साठले आणि नावा पुन्हा पाण्यावर आल्या.

येथील शिक्षणाची रचना समजून घेण्यासारखी आहे. छात्राला येथे तीन वर्षे राहावे लागते. छात्रांच्या गटांना स्क्वाड्रन म्हणतात. प्रत्येक स्क्वाड्रनमध्ये तिन्ही दलांचे छात्र मिसळलेले असतात. उद्याचा नाविक आणि उद्याचा वैमानिक एकाच छपराखाली झोपतात, एकाच पंगतीला जेवतात आणि पहाटे एकाच ओळीत धावतात. एकाची चूक झाली, तर पुष्कळदा साऱ्या गटाला शिक्षा भोगावी लागते. भाषा, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल असे विषय असतातच. त्यांच्या जोडीला कवायत, घोडेस्वारी, पोहणे, नौकानयन, गिर्यारोहण हेही असते. तीन वर्षांच्या अखेरीस दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. त्यानंतर मात्र वाटा फुटतात. भूदलाचे छात्र डेहराडूनला, नौदलाचे केरळातील एळिमला येथे आणि वायुदलाचे हैदराबादजवळील दुंडिगल येथे पुढील शिक्षणासाठी जातात.

एकत्र शिकण्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. याचे उत्तर पहिल्याच तुकडीने दिले. १९४९ साली क्लेमेंट टाउनच्या बराकीत दाखल झालेल्या मुलांपैकी सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज पुढे भूदलाचे प्रमुख झाले, लक्ष्मीनारायण रामदास नौदलाचे प्रमुख झाले आणि निर्मलचंद्र सुरी वायुदलाचे प्रमुख झाले. इतकेच नव्हे, तर १९९१ ते १९९३ या काळात हे तिघे सोबती एकाच वेळी आपापल्या दलांचे नेतृत्व करीत होते. असाच योग पुन्हा २०२२ ते २०२४ या काळात आला. भूदलाचे प्रमुख नागपूरचे जनरल मनोज पांडे, नौदलाचे प्रमुख ॲडमिरल आर. हरिकुमार आणि वायुदलाचे प्रमुख एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी हे तिघेही प्रबोधिनीच्या एकसष्टाव्या तुकडीतील होते. ज्यांनी वयाच्या सतराव्या वर्षी एकत्र चिखल तुडवला, त्यांना पुढे एकमेकांची भाषा समजावून सांगावी लागत नाही.

परंतु विद्यालयाचा मोठेपणा केवळ उच्च पदांवर मोजता येत नाही. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया हे प्रबोधिनीचे विद्यार्थी. १९६१ साली आफ्रिकेतील काँगो देशात यादवी माजली असता संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत भारताच्या पलटणी गेल्या होत्या. त्यांत सलारिया होते. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल शहराजवळ रस्ता अडवून बसलेल्या फार मोठ्या जमावावर ते मूठभर गुरखा जवानांनिशी तुटून पडले. गोळ्या लागूनही ते लढत राहिले आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. त्या वेळी ते २६ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. प्रबोधिनीच्या विद्यार्थ्याला मिळालेले ते पहिले परमवीरचक्र होय. आफ्रिकेतील एका देशाच्या कृतज्ञतेतून हे विद्यालय उभे राहिले होते, आणि त्याचा एक विद्यार्थी आफ्रिकेतच, दुसऱ्या देशातील शांततेसाठी कामी आला.

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा, शिक्षण खडकवासल्याचे आणि त्यांचे पथकही 'पूना हॉर्स' या नावाचे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीकाठच्या रणगाड्यांच्या लढाईत त्यांचा रणगाडा पेटला. मागे फिरण्याची आज्ञा झाली असता, आपली तोफ अजून चालते आहे असे सांगून ते जागचे हलले नाहीत. वयाच्या २१ व्या वर्षी त्यांना वीरमरण आले. आज प्रबोधिनीच्या संचलनाच्या मैदानाला त्यांचे नाव आहे. परिसरात एक साधे स्मृतिगृह असून जे माजी छात्र रणांगणावर पडले, त्यांची नावे तेथे लिहिलेली आहेत. ही यादी वाढू नये, अशीच प्रत्येकाची इच्छा असते. तरीही ती वाढत गेली आहे. सैनिकी शिक्षणाची किंमत काय असते, हे तेथे उभे राहिले म्हणजे कळते.

या परिसरातील एक मोठा बदल अगदी अलीकडचा आहे. सत्तर वर्षांहून अधिक काळ येथे फक्त मुलांना प्रवेश मिळत असे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलींनाही प्रवेशपरीक्षेस बसू द्यावे, असा आदेश दिला. त्यानुसार २०२२ साली मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यास दाखल झाली. तेच मैदान, तीच पहाट आणि तोच अभ्यासक्रम पुरा करून ३० मे २०२५ रोजी १७ मुली दीक्षांत संचलनात पावले टाकीत बाहेर पडल्या. सुदान ब्लॉकला नाव मिळाले, तो दिवसही ३० मेचाच होता.

या विद्यालयाचे दार कोणा राजघराण्यासाठी किंवा श्रीमंतांसाठी राखून ठेवलेले नाही. संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा वर्षातून दोनदा होते. लेखी परीक्षेत उतरलेल्यांची पुढे अनेक दिवस मुलाखत व चाचणी होते. तीत उमेदवाराची केवळ हुशारी पाहत नाहीत. तो इतरांबरोबर मिळून काम करू शकतो की नाही, हेही पाहतात. या परीक्षेची तयारी करून देण्यासाठी महाराष्ट्रात सातारा येथे १९६१ साली सैनिक शाळा निघाली. पुढे १९७७ साली राज्य शासनाने औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे एक पूर्वशिक्षण संस्था सुरू केली. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूरसारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावातील मुलालाही नौदलाचा अधिकारी होण्याची वाट मोकळी आहे. लोणारच्या सरोवराखेरीज मोठे पाणी ज्याने पाहिले नाही, असा मुलगा खडकवासल्याच्या तळ्यावर पहिल्यांदा शीड उभारण्यास शिकू शकतो.

महायुद्ध संपले तेव्हा खडकवासल्याच्या काठावर होते एक निकामी झालेले लटके जहाज आणि गवताने भरलेले डोंगर. दहा वर्षांच्या आत तेथे एक विद्यालय उभे राहिले. मोर राहतात अशी दाट झाडी आता त्या उतारांवर आहे. केरेनच्या कड्यांवर जे सैनिक पडले, त्यांच्यापैकी बहुतेकांना खडकवासला हे नाव ठाऊक नव्हते. त्यांच्या नावाने आलेल्या धनातून अनोळखी मुलांसाठी वर्ग बांधले गेले. त्या वर्गांत आज महाराष्ट्रातील, नागालँडमधील, केरळातील आणि पंजाबातील मुले-मुली एकाच बाकावर बसतात. मित्रदेशांतूनही छात्र येथे शिकण्यास येतात. तांबड्या घुमटाखालून जाताना त्या साऱ्यांच्या दृष्टीस एका दूरच्या देशाचे नाव पडते. दुसऱ्यासाठी केलेले साहाय्य विसरले जात नाही आणि मिळालेले साहाय्य पुढच्यांच्या शिक्षणास लावावे, एवढे ते नाव त्यांना रोज सांगत असते.